चैत्रात थांबलेले पाहुणे : बडोद्याभोवती चार दिवस

होळी झाली की तलाव ओस पडतात, असं बडोद्यात पक्षी बघणारे एकमेकांना सांगतात. बदकं, कादंब, धोबी सगळे उत्तरेकडे निघालेले असतात आणि दुर्बिणी कपाटात जातात. पण एक प्रश्न मागे उरतोच. एप्रिलमध्ये जे अजून इथं आहेत, ते का राहिले? नुसते रेंगाळलेत, की इथंच संसार मांडताहेत? गुढीपाडव्यानंतरचे चार दिवस या प्रश्नासाठी काढले. चौघं जण, एक गाडी, एक स्कोप म्हणजे लांबचं बघायची तिवईवरची दुर्बीण, आणि तीन साध्या दुर्बिणी. मुक्काम बडोद्यातच. पहाटे पाचला निघायचं, ऊन चढलं की सावलीत बसायचं, चारनंतर पुन्हा पाण्यावर.

पहिला दिवस : वढवाणा

डभोईमार्गे वढवाणा गाठायला सव्वा तास पुरतो. सूर्य साडेसहाच्या आत उगवतो, त्यामुळे सव्वासहापर्यंत बांधावर असलेलं बरं. हा तलाव सयाजीराव महाराजांच्या काळात, 1910 च्या आसपास, ओरसंग नदीचं पाणी वळवून शेतीसाठी बांधला गेला. 2021 मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान मिळाला. हिवाळ्यात इथं पाय ठेवायला जागा नसते. आता बांधावर आम्ही आणि म्हशी घेऊन निघालेला एक पोरगा, एवढेच होतो.

पाण्यावर वारकरी, म्हणजे काळे कूट पक्षी होते, शंभराच्या घरात. त्यांच्यात चक्रवाकाची एक जोडी आणि मधोमध मोठी लालसरी या बदकाचे पाच पक्षी, तीन नर आणि दोन माद्या. एका नरानं बुडी मारली, चोचीत पाणवनस्पतीचा झुबका घेऊन वर आला आणि तो मादीपुढे धरला. तिनं खाल्ला. कोणालाही वाटेल, आता इथं घरटं होणार.

इथंच चूक होते. बहुतेक बदकांच्या जोड्या हिवाळी मुक्कामावरच जुळतात. मादी ज्या दिशेनं परत जाईल तिकडे नर तिच्यामागे जातो. म्हणजे नाच, खाऊ देणं, एवढंच नव्हे तर मीलनसुद्धा इथं होईल आणि अंडी हजारो किलोमीटर दूर घातली जातील. चिमणीची किंवा बुलबुलची जोडी एप्रिलमध्ये दिसली तर त्याला अर्थ आहे, लालसरीच्या जोडीला जवळजवळ काहीच नाही.

दुसरा फसवा प्रकार चिखलात उभा होता. काळ्या शेपटीचे सात पाणटिवळे, सगळे फिकट करड्या पिसांतले. उत्तरेकडे जाणारे प्रौढ या दिवसांत विटकरी रंग धरतात. हे पहिल्या वर्षाचे पक्षी असावेत. अनेक पाणपक्ष्यांची पिल्लं पहिला उन्हाळा हिवाळी मुक्कामावरच काढतात, कारण वीण करायचं त्यांचं वय झालेलं नसतं. मेमध्ये तलावावर पाणटिवळा दिसला म्हणून तो इथं अंडी घालणार असं होत नाही. पिसं बघायची. वीणेची पिसं आहेत का, हा पहिला प्रश्न.

तिसरा प्रकार जखमी पक्ष्याचा. चक्रवाकांपैकी एकाचा पंख किंचित लोंबत होता. तासभर दोघांवर नजर ठेवली. म्हशी जवळ आल्यावर एक उडाला, दुसरा पोहत दूर गेला आणि उडालेला पुन्हा त्याच्याजवळ येऊन बसला. अशी जोडी जून-जुलैपर्यंत दिसत राहते आणि मग कोणीतरी हौसेनं वीणेची बातमी देतं.

नऊ वाजता हवा थरथरायला लागली. तापलेल्या पाण्यावरून स्कोप तीस पटींच्या पुढे नेला की पक्ष्याचं पीठ होतं. स्कोप कितीही चांगला असला तरी एप्रिलमध्ये साडेआठपर्यंतच लांबचं बघून घ्यावं. नंतरचा वेळ जवळच्या पाणकणसासाठी ठेवावा.

डभोईत गरम गांठिये, पपईचा संभारा आणि तळलेली मिरची मिळाली, वर मातीच्या कुल्हडात छास. गांठियेवाल्या काकांना आम्ही कुठून आलो ते बुटांवरच्या चिखलावरून कळलं. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी तलाव उन्हाळ्यात पार तळाला जायचा. आता गावोगावच्या तळ्यांना कालव्याचं पाणी मिळतं, त्यामुळे मेमध्येही पाणी असतं. हे बोलणं तिसऱ्या दिवशी फार उपयोगी पडलं.

बांधावर चालताना एक गोष्ट पाळा. माथ्यावरून चालू नका. आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणसाची आकृती दोनशे मीटरवरूनही पक्ष्यांना उठवते. उताराच्या बाहेरच्या बाजूनं चाला आणि फक्त डोकं वर काढून बघा. गाडी थेट बांधाशी नेता येत असेल तर गाडीतूनच बघणं सगळ्यात चांगलं.

दुसरा दिवस : महीची कोतरं आणि एक सुकतं तळं

सिंधरोटच्या बाजूला महीनं मातीत खोल कोतरं कोरली आहेत. वीस-वीस फूट उभ्या भिंती, वर गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ, खाली वाळू. वेडा राघू अशाच भिंतीत घर करतो. आमचा शोध निळ्या गालाच्या वेड्या राघूसाठी होता. तो बहुतेकांना प्रवासात, थव्यानं तारांवर बसलेला दिसतो. पण पश्चिम आणि वायव्य भारतात काही ठिकाणी तो वीणही करतो.

त्याची नेहमी गल्लत होते ती निळ्या शेपटीच्या वेड्या राघूशी. शेपटी बघितली की प्रश्न सुटतो. एकाची हिरवी, दुसऱ्याची स्वच्छ निळी. उडताना पाठीचा खालचा भागही निळा दिसला तर तो निळ्या शेपटीचा. गळ्यावरचा तांबूस डाग दोघांनाही असतो, त्यावर विसंबू नका.

भिंतीत भोकं पुष्कळ होती. भोक म्हणजे घरटं नव्हे. गंगा मैना, खंड्या आणि छोटा हिरवा वेडा राघू, सगळ्यांची वस्ती तीच. छोट्या राघूचं भोक जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचं असतं, मोठ्यांचं त्याहून रुंद. चालू भोकाची ओळख उंबऱ्यावर होते. आत-बाहेर करताना पक्ष्याच्या दोन पायांनी मातीत दोन समांतर चर पडतात. ते ताजे असतील आणि खाली भुसभुशीत माती सांडलेली असेल तर आत कोणीतरी आहे. चरांवर कोळ्याचं जाळं असेल तर भोक गेल्या वर्षीचं.

हे बघायला भिंतीच्या वर उभं राहू नका. बोगदा मीटरभर किंवा त्याहून लांब आत जातो आणि वरची माती तुमच्या वजनानं बसते. समोर, पण तीसेक मीटर मागे, बाभळीच्या सावलीत बसा. चोचीत चतुर घेऊन आलेला राघू तुम्ही दिसताच आत जात नाही, तारेवर बसून राहतो. तो दहा मिनिटांहून जास्त तसाच थांबला तर तुम्ही फार जवळ आहात. तुमच्यामुळे आतली पिल्लं उपाशी आहेत, लगेच मागे सरा.

साडेसहा ते साडेनऊ तीन तास काढले. छोट्या राघूंची चौदा चालू भोकं मोजली. निळ्या गालाचे चार पक्षी उंचावरून ‘प्रुप प्रुप’ करत उत्तरेकडे गेले, खाली उतरलेच नाहीत. नोंदवहीत लिहिलं : प्रवासात, वीण नाही. अशी नकाराची नोंद कंटाळवाणी वाटते, पण दहा वर्षांनी कुणी इथं खरंच घरटं शोधलं तर आज ते नव्हतं हे याच ओळीवरून कळेल.

दुपारी चारला परतीच्या वाटेवर गावाबाहेर एक सुकत आलेलं तळं लागलं. चिखलाच्या उंचवट्यावर शेकाट्याची मादी बसली होती. शेकाट्या इथं वीण करतोच, त्यात नवल नाही. पण उन्हाळी वीण म्हणजे काय, हे समजून घ्यायला त्याच्याइतका चांगला गुरू नाही. पारा चाळीसच्या आसपास होता. नर पाण्यात उतरला, गुडघे वाकवून पोट बुडवलं, पिसं फुगवून पुन्हा बुडवलं आणि लांब तांबड्या काटक्यांवर तुरुतुरु घरट्याकडे आला. मादी उठली. तो चार अंड्यांवर ओलं पोट टेकवून बसला. वीस-बावीस मिनिटांनी पुन्हा अदलाबदल, पुन्हा ओलं पोट.

उबवणं म्हणजे ऊब देणं, असं आपण धरून चालतो. एप्रिल-मेच्या दुपारी ते उलट असतं. अंडी थंड ठेवायची असतात. फोटोसाठी कोणी जवळ गेलं, पक्षी उठला आणि पाव तास बाहेर राहिला, तर त्या उन्हात आतला जीव शिजतो. अंडी मात्र बाहेरून तशीच दिसतात. बघणारा म्हणतो, मी तर हातही लावला नाही. म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उघड्यावरच्या घरट्याजवळ जायचंच नाही. हा नियम सगळ्या टिटव्या, चिखले, शेकाटे आणि सुरयांना लागू आहे.

आणखी एक सूचना बडोद्यापुरती. इथल्या बऱ्याच तळ्यांत मगरी आहेत, विश्वामित्रीत तर शहराच्या मधोमध. पाण्याच्या अगदी कडेला पोटावर पालथं पडून फोटो काढायची सवय इथं सोडून द्या.

संध्याकाळी दांडिया बाजारातल्या एका घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि ओसरीवर मोठा हिंचका. गप्पा अर्थातच पक्ष्यांवर गेल्या. आजींनी विचारलं, “पण ते आपला मुलूख सोडून इथं कशाला घरटं करतील?” प्रश्न अगदी नेमका होता.

दाखले जगभरचे आहेत. आपली माळभिंगरी उत्तर अमेरिकेतही असते आणि हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेत उतरते. 1980 मध्ये अर्जेंटिनात, तिच्या हिवाळी मुलखात, तिची घरटी सापडली. पुलाखालच्या मोऱ्यांमध्ये. त्या वस्तीचं सगळं पंचांग सहा महिन्यांनी फिरलं. आता त्या भिंगऱ्या तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, अंडी घालतात आणि नंतर दक्षिण अमेरिकेच्याच उत्तर भागात जातात. युरोपातले पांढरे करकोचे दक्षिण आफ्रिकेत घरटी करू लागले, त्यालाही आता बरीच दशकं झाली. आणि गुजरातला तर दूर जायलाच नको. रोहित कच्छच्या रणात मातीचे ढिगारे रचून अंडी घालतात. सलीम अली 1945 मध्ये ती वस्ती बघायला गेले होते. उचाट्या आपल्याकडे हिवाळी पाहुणा, पण त्याचीही वीण कच्छच्या रणात झालेली आहे.

या सगळ्यांत एक सूत्र आहे. घरट्याची जागा, खाणं आणि पाणी हे तिन्ही पिल्लं उडेपर्यंत टिकलं, तर पक्षी नकाशा बघत नाही. माळभिंगरीला पूल मिळाले. रोहिताला पाण्यानं वेढलेला, कोल्ह्याला न पोहोचणारा चिखल मिळाला. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही पक्षी नका बघू, पाणी बघा.”

तिसरा दिवस : तळ्याचं नाव लिहीत नाही

बडोद्यापासून दीड तासाच्या आत एक सिंचनाचा तलाव आहे. नाव, तालुका, दिशा काहीच इथं येणार नाही. कारण पुढे कळेलच.

सहा वाजता पोहोचलो. वारा नाही, पाणी आरशासारखं. कडेला पाणकणीस, त्याच्या पुढे बेशरमाची बुडालेली झुडपं. आणि त्यांच्यासमोर दोन लांब पांढऱ्या माना. तुरेवाली मोठी टिबुकली, इंग्रजी पुस्तकांतली ग्रेट क्रेस्टेड ग्रीब. आपल्या रोजच्या टिबुकलीच्या जवळजवळ दुप्पट लांब. उत्तर भारतात ती हिवाळ्यात येते, घरटं लडाखच्या सरोवरांवर करते. गुजरातेतही तिची वीण नोंदलेली आहे, पण बघायला मिळणं दुर्मीळ. हिवाळ्यात तिचा चेहरा फटफटीत पांढरा असतो. या दोघांना डोक्यावर काळी दुहेरी शेंडी आणि गालांभोवती काठाला काळी अशी तांबूस झालर होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पिसं वीणेची.

मग नाच. दोघं समोरासमोर, छाती छातीपासून वीतभर अंतरावर. झालरी फुलवून माना डावीकडे-उजवीकडे झटकल्या. मध्येच एकानं मान मागे वळवून पाठीवरचं एक पीस चोचीनं उचकल्यासारखं केलं, लगेच दुसऱ्यानंही. मग दोघांनी बुड्या मारल्या. वर आले ते चोचीत शेवाळाचे झुबके घेऊन, पाण्याबाहेर ताठ उभे, पाय मारत, छातीला छाती लावून. चार-पाच सेकंद. ज्यूलियन हक्सली यांनी इंग्लंडमधल्या तलावांवर याच नाचाचा अभ्यास करून 1914 मध्ये तो प्रसिद्ध केला होता. पक्ष्यांच्या वागणुकीच्या अभ्यासातलं ते पायाभूत काम मानतात.

पण नाच म्हणजे अजून ‘बहुधा’, ‘नक्की’ नव्हे. नोंदीच्या तीन पायऱ्या असतात. योग्य ऋतूत, योग्य जागी पक्षी दिसला किंवा गायला तर ‘शक्य’. जोडी, नाच किंवा एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणं म्हणजे ‘बहुधा’. अंडी, पिल्लं किंवा पिल्लांसाठी खाऊ नेणारा पक्षी दिसला तरच ‘नक्की’. टिबुकलीच्या बाबतीत तर पाणवनस्पतींचा तरंगता ढीग दिसला तरी थांबावं. ही जात एकाहून जास्त ढीग रचते आणि काही फक्त मीलनापुरते वापरते.

ढीग बेशरमाच्या फांद्यांना अडकवलेला होता, काठापासून सव्वाशे मीटर. तिसरी टिबुकली त्यावर बसलेली दिसली तेव्हा कळलं, नाचणारी जोडी वेगळी आणि बसलेला पक्षी वेगळ्या जोडीचा. स्कोप पंचवीस पटींवर लावून बसलो. सात वाजून चाळीस मिनिटांनी बसलेला पक्षी उठला. पण लगेच पाण्यात उतरला नाही. काठावरचा ओला पाला चोचीनं ओढून दोन-तीन झपाट्यांत ढिगाच्या मध्यावर टाकला आणि मग पाण्यात सरकला. ढीग नुसता कुजका कचरा दिसायला लागला. वर घार होती. दोन मिनिटांनी जोडीदार आला, छातीवर रेलून ढिगावर चढला आणि पाला एकेक करून बाजूला केला. चार अंडी. तीन तपकिरी डागाळलेली, एक खडूसारखं पांढरं.

पांढरं सगळ्यात नवं. टिबुकलीचं अंडं घातलं तेव्हा पांढरं असतं आणि ओल्या कुजत्या पाल्यानं दिवसागणिक रंगत जातं. म्हणजे घालणं नुकतंच संपत आलं होतं किंवा अजून एखादं यायचं होतं. उबवणं सत्तावीस ते एकोणतीस दिवस. पहिल्या अंड्यापासूनच बसायला सुरुवात होते, त्यामुळे पिल्लंही एकदम न फुटता मागेपुढे फुटतात. हिशोब केला, निदान चार आठवडे हा ढीग तरंगत राहायला हवा.

इथं गांठियेवाल्या काकांचं आणि आजींचं पाण्याबद्दलचं बोलणं आठवलं. या पक्ष्याचे पाय शरीराच्या पार मागे असतात. पोहायला उत्तम, चालायला निरुपयोगी. म्हणून घरटं पाण्याच्या पातळीलाच लागतं. पाणी वाढलं तर ते वर पाला रचत जातात, थोडं उतरलं तर ढीगही खाली जातो. पण खालचं पाणी संपून ढीग चिखलावर टेकला की खेळ संपला. पक्ष्याला चढता येत नाही, कुत्री आणि घोरपडी मात्र चालत येतात.

आठच्या सुमाराला तिथं मासेमारी करणारे माछीकाका होडी घेऊन आले. आम्ही कशाकडे बघतोय ते दाखवल्यावर म्हणाले, “ए डूबकी? ए तो पंदर दाडाथी अहीं ज छे.” पंधरा दिवस! त्यांनी तिच्याकडे पाहुणी म्हणून कधी बघितलंच नव्हतं. होडीतल्या डब्यातली बाजरीची रोटली आणि लसणाची चटणी त्यांनी आमच्यासमोर ठेवली. आम्ही पुढे केलेले दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्यांना आवडली. बोलता बोलता दोन महत्त्वाच्या गोष्टी कळल्या. ढिगाजवळ पाणी कमरेइतकं आहे. आणि त्यांची जाळी संध्याकाळी त्याच झुडपांच्या रांगेत लागतात.

जाळीचा धोका घारीपेक्षा मोठा. टिबुकली पाण्याखाली पाठलाग करून मासे पकडते. नायलॉनचं बारीक जाळं तिला दिसत नाही, अडकली की बुडून मरते. एक गेली की दुसरी एकटी चार आठवडे उबवू शकत नाही. काकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. मागे त्यांच्या जाळ्यात एक वारकरी मेला होता, ते त्यांना लागलं होतं. झुडपांपासून शंभर हात जाळं लांब लावायचं त्यांनी आपणहून ठरवलं. मासे तिकडेही मिळतात, म्हणाले.

नोंद करताना काय लिहावं, ते इथंच सांगतो. तारीख आणि वेळ. किती मिनिटं बघितलं. किती अंतरावरून. ढीग कशाला बांधलाय. अंड्यांची संख्या आणि रंग. अदलाबदल किती वाजता. पाण्याची खोली, पण ती विचारून, जाऊन मोजून नव्हे. पिल्लं झाली तर ती पाठीवर आहेत की स्वतः पोहतात. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मोठ्या टिबुकलीच्या पिल्लाच्या डोक्यावरचे काळे-पांढरे पट्टे ते उडायला लागल्यावरही काही महिने टिकतात. ऑक्टोबरमध्ये पट्टेवालं पिल्लू दिसलं तर ते उत्तरेतूनही आलेलं असू शकतं. आईच्या पाठीवर बसलेलं, उडता न येणारं पिल्लू मात्र इथलंच.

आणि फोटो? सव्वाशे मीटरवरून, ओळख पटेल इतकाच. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी लगेच सार्वजनिक केली नाही. पिल्लं घरटं सोडेपर्यंत ती लपवून ठेवायची आणि नंतरही ठिकाण मोठ्या परिसराच्या नावानं द्यायचं. दुर्मीळ घरट्याचा पत्ता एकदा पसरला की रविवारी तिथं पंधरा गाड्या येतात. प्रत्येक जण पाचच मिनिटं थांबतो, पण पक्षी मात्र दिवसभर पाण्यातच राहतो. पत्ता सांगायचा तो वनखात्याला आणि रोज पाण्यावर असणाऱ्या माणसाला.

चौथा दिवस : एक बांबू

चौथ्या दिवशी दुसरीकडे जायचं ठरलं होतं. ते रद्द करून त्याच तळ्यावर गेलो, पण पक्ष्यांसाठी नव्हे. पाटकऱ्याला भेटायला.

सिंचनाचं पाणी सोडणारे पाटकरीभाई सकाळी नऊला मोरीजवळ येतात. त्यांच्यासाठी बडोद्याहून लीलो चेवडो नेला होता. शेतांत उन्हाळी बाजरी आणि भुईमूग उभे होते. ते स्पष्टच म्हणाले, “पाणी तो खेडूतनुं छे, भाई.” पाणी शेतकऱ्याचं, आणि ते खरंच आहे. आम्ही पाणी थांबवा म्हणायला गेलोच नव्हतो. पाणी सोडायची पाळी कधी आणि पातळी किती उतरते, एवढंच विचारायचं होतं.

पुढची पाळी दहा दिवसांनी, ती झाली की पातळी दोन वीत उतरते. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर. शिवाय या दिवसांत उन्हानं रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं, चार आठवड्यांचं साधारण पाव मीटर. दोन्ही मिळून सत्तर. कमरेइतकं पाणी म्हणजे नव्वदच्या आसपास. एका पाळीत ढीग तरंगत राहतो. लागोपाठ दुसरी झाली तर टेकतो. हे गणित त्यांनी आमच्याआधी बोटांवर केलं. दुसरी पाळी एरवीही मेच्या दुसऱ्या आठवड्यात असते, तोवर पिल्लं निघाली तर अडचण नाही, असं त्यांनीच सांगितलं.

मग मोरीच्या आतल्या बाजूला, घरट्यापासून पार दूर, एक बांबू रोवला. पाच-पाच सेंटीमीटरवर लाल ऑइलपेंटचे पट्टे, वरून खाली एक ते अठरा. पाणी पहिल्या पट्ट्याला टेकलं होतं. तलावाची पातळी सगळीकडे सारखीच उतरते, त्यामुळे मोरीजवळचा बांबू वाचला की घरट्याखाली किती उरलं ते समजतं. घरट्याकडे फिरकायचीही गरज नाही. असं करायचं असेल तर बांबू जाडसर घ्या, दोन फूट चिखलात ठोका आणि पट्टे रात्रभर वाळू द्या. ओला रंग पाण्यात लगेच सुटतो. आमचा पहिला बांबू तसाच वाया गेला, दुसरा माछीकाकांनी त्यांच्या आदल्या दिवशीच्या शिल्लक रंगानं रंगवून ठेवला होता.

दुपारी आभाळ भरून आलं, चार टपोरे थेंब पडले आणि धुळीचं वादळ उठलं. झुडपं झोडपली जात होती. ढीग वरखाली हेलकावत होता आणि बसलेली टिबुकली मान पाठीत खुपसून तशीच बसून होती. वारा पडल्यावर जोडीदारानं सलग अकरा वेळा पाला आणून कडा नीट केल्या.

आल्यापासून दर रविवारी पाटकरीभाईंचा फोन येतो. पहिल्या रविवारी पाणी दुसऱ्या पट्ट्यावर होतं. पाळीनंतर एकदम अकराव्यावर. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी बारावा पट्टा, ढीग तरंगता. मेच्या पहिल्या रविवारी त्यांच्या हातून फोन माछीकाकांनी घेतला. पट्टा तेरावा, ढिगावर आता कोणी बसत नाही, आणि डूबकीच्या पाठीवरून झेब्र्यासारखी पट्ट्यांची तीन डोकी बाहेर डोकावतात.